हिरवं बासन

घणसोली गावात आमचं घर होतं तिथे आता सहा मजली इमारत आहे. खाली मोबाईलचं दुकान, शेजारी मोमोवाला, आणि त्या दोघांच्या मधून वर जाणारा जिना असा अंधारा, की भरदुपारी भिंत चाचपत चढावं लागतं. तिसऱ्या मजल्यावर माझा भाऊ वसंत राहतो. गेल्या मंगळवारी मी नेरूळहून त्याच्याकडे गेले ती एक वस्तू शोधायला. शोधायला म्हणायचं आपलं. ती वस्तू बारा वर्षांपूर्वी मीच याच गावाच्या खाडीत सोडली होती. तरी मी वसंताचा माळा उपसला, दिवाणाखालची पत्र्याची पेटी ओढून काढली, कपाटावरच्या सुटकेसा खाली घेतल्या. वसंत दारात उभा राहून बघत होता.

"ताय, ता त आपुन खारीन सोरला ना? इसरलीस?"

विसरले असते तर फार बरं झालं असतं. मी पेटी परत दिवाणाखाली ढकलली. हात धुतले, गॅलरीत आले आणि ती वस्तू मागणाऱ्या शमीमबाईंना फोन लावला. म्हटलं, "घणसोलीला आले होते. इथे तर नाही सापडलं. अजून एका ठिकाणी बघते." निदान शोधल्याचे कष्ट तरी खरे असावेत, एवढाच माझा प्रामाणिकपणा आता उरला होता.

खाली उतरल्यावर मोमोवाल्याच्या गाडीपाशी मी थोडा वेळ उभी राहिले. वाफेचा, कोबीचा आणि लसणाचा वास येत होता. माझा अंदाज चुकत नसेल तर त्याची गाडी उभी असते तिथेच आमची पडवी होती. त्या पडवीत दर उन्हाळ्यात एक माणूस बसून सिनेमे लिहायचा.

गावात बाबांची नोकरी कुणाला धड सांगता यायची नाही. बाकीच्यांच्या घरातली माणसं मिठागरात जायची, खाडीत जायची, पावसाळ्यात भात लावायची. आमचे बाबा "सिनेमात लिवाला" जायचे. ही नोकरी त्यांना कशी लागली, कुणी लावली, हे मी कधी विचारलं नाही. त्या काळच्या सिनेमातले संवाद सगळे उर्दूतले. ते लिहिणारे मुन्शी आपल्या लिपीत लिहायचे आणि पडद्यावर बोलणाऱ्या निम्म्या लोकांना ती लिपी वाचताच यायची नाही. मग कुणीतरी ते सगळं बाळबोध अक्षरात उतरवून द्यायचं. आमचे बाबा ते कुणीतरी. आमच्या पडवीत बसणारे ते मुन्शीजी बोलायचे, बाबा लिहायचे.

यातली गंमत अशी की बाबांनाही उर्दूचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. ते सगळं कानाने. घरात ते आमच्यासारखंच बोलायचे, पाण्याला पानी आणि कोणला कोन. घशातून काढायचे ते उर्दूचे आवाज त्यांच्या जिभेला मरेपर्यंत जमले नाहीत, पण पेनाला बरोबर जमायचे. कुठल्या अक्षराखाली ठिपका द्यायचा यात त्यांची कधी चूक झाली नाही म्हणे. शिवाय त्यांची स्वतःची एक खूण होती. वाक्यात जिथे श्वास घ्यायचा तिथे ते लाल पेन्सिलीने एक बारीक आकडा काढायचे, गळाच्या आकड्यासारखा. पुढेपुढे मुन्शीजींनीही तो उचलला. त्यांच्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या काळ्या ओळींतही ते लाल आकडे दिसायला लागले.

मुन्शीजी होळी झाली की यायचे आणि पावसाआधी मिठाच्या राशी झाकायची वेळ झाली की जायचे. मुंबईत त्यांना घर होतं, बायको होती, मुलगी होती. तरी ते ठाण्याहून एसटीने आमच्या गावात येऊन का बसायचे, हेही मला माहीत नाही. लहानपणी माणसं येतात आणि जातात, त्यांना कारणं नसतात. मला एवढंच ठाऊक होतं, की सकाळी पडवीतून खसच्या अत्तराचा वास आला म्हणजे मुन्शीजी आले. मग पुढचे अडीच महिने त्या अत्तरात कात, तंबाखू, शाई, अंगणात वाळत घातलेला जवळा आणि ओहोटीच्या चिखलाचा वास मिसळायचा. हे सगळं मिळून जे काही व्हायचं ते आज एखाद्या बाटलीत भरून कुणी माझ्यापुढे धरलं, तर मी डोळे मिटून दिवस सांगेन, वेळ सांगेन.

ते खाटेवर बसत नसत. खाली चटईवर, भिंतीला टेकून. डाव्या हाताला बाबा. मुन्शीजी उजव्या कडेपासून लिहीत डावीकडे यायचे, बाबा डाव्या कडेपासून लिहीत उजवीकडे जायचे. मी समोर बसून बघायची तेव्हा दोघांचे हात एकमेकांकडे चालत आल्यासारखे दिसायचे. ओळ संपली की परत लांब, पुन्हा जवळ. शाळेतलं काही आठवत नाही मला, पण हे आठवतं.

लिहिण्याआधी मुन्शीजी प्रत्येक वाक्य मोठ्याने बोलून बघायचे. उठून पडवीभर फिरायचे. नवाबाचं वाक्य असलं की छाती काढून, कुणा म्हाताऱ्या दाईचं असलं की कंबर वाकवून. आणि ते वाक्य पास झालं की नाही हे ठरवायची आमची आई. ती उंबऱ्याच्या आत कोळंबी सोलत बसलेली असायची. तिला उर्दूचा एक शब्द कळत नव्हता, आणि मुन्शीजींना नेमकं तेच हवं असायचं. संवाद ऐकताना आईचे हात थांबले तर तो राहायचा.

"भाभी रुक गईं. लिखो मास्टर."

आणि आई आपली सोलतच राहिली, तर ते मान हलवायचे. "नहीं रुकीं. काट दो."

आईला या कामाचा फार वैताग. "त्यांच्या पिक्चरच्या पायी मना सांजपर कोलबी सोलाला लागते," असं ती शेजारणीला सांगायची. पण एखादा दिवस मुन्शीजी नुसतेच विडा चघळत गप्प बसले, की तिलाच करमायचं नाही. मग ती सूप घेऊन मुद्दाम उंबऱ्यात येऊन बसायची.

एकदा त्यांनी मेलेल्या मुलाजवळ बसलेल्या आईचा विलाप लिहिला. दुपारची वेळ, गाव जेवून आडवं झालेलं. मुन्शीजींनी तो विलाप म्हणायला सुरुवात केली आणि दहा मिनिटांत पाच-सहा बायका पदर खोचत आमच्या अंगणात धावत आल्या.

"कोन गेला गो?"

"कोन नाय गेला," आई म्हणाली. "पिक्चरमंदला पोर मेलाय."

बायका परत गेल्या नाहीत. आल्यासारख्या अंगणात बसल्या आणि त्या पोरासाठी मनसोक्त रडल्या. त्यांतल्या दोघींची स्वतःची पोरं गेलेली होती, आणि ती गेली तेव्हा घरच्या कामाने त्यांना रडायला सवड मिळाली नव्हती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आईने नंतर सांगितलं. मुन्शीजी मात्र त्या दिवशी फार ओशाळले. संध्याकाळी जेवताना आईला म्हणाले, मी खोटं लिहून खातो भाभी, आणि लोक खरं रडतात. आईला काय कळलं देव जाणे. तिने त्यांच्या ताटात अजून एक तांदळाची भाकरी वाढली.

आणि एकदा पांढऱ्या गाडीतून नायिका आली. तिचं नाव मी लिहीत नाही, सगळ्यांना माहीत होतं. गाडी रस्त्यावर ठेवून ती बांधावरून चालत आली, त्यामुळे तिच्या पायांना घोट्यापर्यंत पांढरी माती लागली होती. तिला कुठलीच लिपी वाचता येत नव्हती, मुन्शीजींचीही नाही आणि बाबांचीही नाही. ती चटईवर बसली आणि मुन्शीजींच्या तोंडून एकेक वाक्य उचलत गेली. बाबा समोर कागद धरून बसले होते. जिथे लाल आकडा असेल तिथे ते पेन्सिल वर करायचे आणि ती श्वास घ्यायची. पेन्सिल वर, श्वास. पेन्सिल वर, श्वास. सगळं गाव कुडाला डोळे लावून उभं होतं आणि कुणी खोकलंसुद्धा नाही. जाताना तिने बाबांना हात जोडले. बाबा पुढे कितीतरी दिवस जेवतानाही तोंडात चूळ धरल्यासारखे गप्प असायचे.

ते सिनेमे आता नाहीत. मोठमोठे आहेत ते आहेत, टीव्हीवर लागतात. मुन्शीजींचे नव्हते तेवढे मोठे. काहींच्या रिळांच्या पेट्या गोदामात जळाल्या, काहींची रिळं चिकटून त्यांचं ढेकूळ झालं, असं बाबा म्हणायचे. बाबांनी लिहिलेल्या शेकडो नकला कंपन्यांच्या कपाटांबरोबर गेल्या. त्या सगळ्या माणसांपैकी आज कुणी नाही. ती नायिका कुठल्याशा खोलीत एकटीच गेली, आणि पेपरात तिचा म्हणून दुसऱ्याच कुणाचा तरी फोटो आला होता.

शेवटच्या उन्हाळ्यात मी दहा वर्षांची होते. त्या साली मुन्शीजी आले तेच वाळून. अत्तर तेच, पण माणूस अर्धा. ते एका प्रसंगावर अडून बसले होते. एक बाप आहे आणि त्याची मुलगी आहे, एवढं आम्हाला कळलं होतं. बापाने तिला काहीतरी सांगायचं आहे. मुन्शीजी रोज सकाळी उभे राहायचे, दोन शब्द बोलायचे, आणि खाली बसायचे. आई बिचारी हात थांबवायला तयार होती, पण थांबवावे कशासाठी? आठवडा गेला. मिठाच्या राशींवर पेंढा पडायला लागला.

मग एका दुपारी ते बसल्या जागेवरून बोलले. उठले नाहीत, आवाज चढवला नाही, कुणाचं सोंग घेतलं नाही. बराच वेळ बोलले. आईच्या हातातली कोळंबी तशीच अर्धी सोललेली राहिली. आणि मी पहिल्यांदाच पाहिलं, बाबांचंही पेन थांबलं होतं. मुन्शीजींना त्यांना म्हणावं लागलं, "मास्टर, लिखो." ते पुन्हा बोलले, बाबांनी लिहिलं. पुढचे चार दिवस ते तेच पुन्हा पुन्हा बोलत होते, घासत होते. मी तिथेच होते. चटईच्या कडेला, भिंतीला पाठ लावून. मी ते वीस वेळा तरी ऐकलं असेल.

पुढच्या वर्षी ते होळीला आले नाहीत. पावसाच्या तोंडावर एकदाच आले, सकाळी येऊन दुपारी गेले. काखेत हिरव्या कापडात शिवलेलं एक बासन होतं. तो सिनेमा थांबला होता. का, ते विचारू नका. "मास्टर, ये अमानत है," असं म्हणून त्यांनी ते बाबांच्या दोन्ही हातांवर ठेवलं. बाबांनी ते देव्हाऱ्याशेजारच्या उंच फळीवर ठेवलं आणि आम्हा भावंडांना बजावलं, याला हात लावायचा नाही. मुन्शीजी वारल्याचं आम्हाला चार महिन्यांनी कळलं.

एखादी वस्तू देव्हाऱ्याजवळ ठेवली की तिचं काय होतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या दसऱ्याला आईने बाबांच्या पेनाची पूजा केली तेव्हा शेजारचं म्हणून त्या बासनालाही झेंडू वाहिला. दुसऱ्या वर्षी अक्षता. मग रोजची उदबत्ती तिकडूनही फिरायला लागली. मुन्शीजी सकाळी एक पोथी वाचायचे, तीही हिरव्याच कापडात बांधलेली असायची, हे आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं. त्यांची ती पोथी त्यांच्याबरोबर परत जायची, हे मात्र कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. बाबांना ठाऊक होतं त्यात काय आहे ते. पण त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. माझं लग्न झालं, मी नेरूळला आले, इथल्या एका कॉलेजच्या ऑफिसात लागले. बाबा एका सकाळी दाढी करताना कोसळले आणि तीन दिवसांत गेले. तोवर ते बासन आमच्या घरात मुन्शीजींचा देव झालेलं होतं.

घर बिल्डरला द्यायचं ठरलं तेव्हा सामान आवरायला मी गेले. फळी रिकामी करताना प्रश्न आला, याचं करायचं काय? आई तेव्हा अंथरुणावर होती.

"त्यांचा देव हाय त्यान," ती म्हणाली. "रद्दीन देऊ नको. हात धुतलंस का?"

मी शहाणी. मी ऑफिसातल्या शेखसरांना फोन केला, की तुमच्यात जुन्या पवित्र पुस्तकाचं काय करतात. ते म्हणाले, "फार जीर्ण झालं असेल तर आम्ही ठंडं करतो. वाहत्या पाण्यात सोडायचं, नाहीतर पाक जमिनीत पुरायचं. पाहिजे तर आधी मला दाखवा मॅडम, घेऊन या."

घेऊन या. सांगितलं होतं त्यांनी. मी म्हटलं, कशाला तुम्हाला त्रास.

मी आंघोळ केली, नवी साडी नेसले. वसंताने होडी बघितली. ओहोटी लागल्यावर आम्ही खाडीच्या मध्यावर गेलो. मी बासन कपाळाला लावलं, वर एक फूल ठेवलं आणि दोन्ही हातांनी पाण्यात सोडलं. चाळीस वर्षांचा दोरा, तो पाण्यात टिकतोय कुठला. कापड उसवलं आणि पानं एकेक करून वर आली. काळी उर्दू अक्षरं, आणि त्यांच्यात मधेमधे बारीक लाल खुणा. ती लाल आकड्याची खूण माझ्या बापाची होती. मी ते पाहिले. हातभर अंतरावरून पाहिले आणि मनात म्हटलं, यांच्या पोथीत अशाच खुणा करत असतील. मग मी हात जोडले. परत येताना मला इतकं बरं वाटत होतं, की मी वसंताला म्हटलं, बघ, आपण किती नीट केलं.

शमीमबाई तीन महिन्यांपूर्वी आल्या. म्हणजे आधी त्या घणसोलीत विचारत विचारत वसंतापर्यंत पोचल्या आणि वसंताने त्यांना माझा नंबर दिला. अंगावरचं झटकून टाकण्यात आमचा वसंत पहिल्यापासून तरबेज. एका रविवारी त्या नेरूळला माझ्या दारात उभ्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, ठेंगण्या, बुरख्यावर शाळेच्या बाई घालतात तसला जाड चष्मा. दाराची चौकट त्यांनी हाताने शोधली.

"मी मुन्शीजींची मुलगी. तळोज्याला राहते," त्या म्हणाल्या. "तुम्ही मास्टरजींच्या ना?"

मी त्यांना आत घेतलं. पाणी दिलं. त्यांच्या अंगाला कसलाच वास नव्हता, नुसता साबणाचा. मला उगीच वाईट वाटलं. त्यांनी सरळ विषय काढला. डोळ्यांत काचबिंदू आहे. बाजूचं सगळं गेलंय, मधलं थोडं राहिलंय, तेही जातंय. डॉक्टर म्हणाले दिवाळीपर्यंत धरा. मोठा दिवा आणि भिंग घेऊन अजून वाचता येतं.

"अब्बांनी तुमच्याकडे एक चीज ठेवली होती. आखरी पिक्चरची."

 त्या क्षणी, माझ्याच सोफ्यावर बसून, मला ते लाल आकडे पाण्यावर परत दिसले आणि कळलं, मी काय सोडलं होतं ते.

त्या पुढे बोलत होत्या. थोडं मराठीत, थोडं त्यांच्या भाषेत. सतरा वर्षांच्या असताना त्यांनी बापाला एक प्रश्न विचारला होता. रागात विचारला होता. आप के पास दुनियाभर के लिए बातें हैं, मेरे लिए क्यूँ नहीं? कशावरून तो राग, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही खोदलं नाही. मुन्शीजी काही बोलले नाहीत. पडवीत वाक्यामागून वाक्य बोलणारा तो माणूस घरात मुका असायचा. उन्हाळा संपवून आमच्याकडून परतले तेव्हा मुलीला एवढंच म्हणाले, जवाब लिख दिया है, पिक्चर बने तो देख लेना.

"मग ते बीमार झाले. मी जिद्दी होते. मीही बोलले नाही. पिक्चर बनेल, तेव्हा बघू, म्हटलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "बनलीच नाही. आता बाई, बघायचं तर ते कागदावरच बघायचं. डोळे आहेत तोवर."

आणि मी, जी ऑफिसात पोरांच्या खोट्या दाखल्यांवर अख्खा जन्म डोळे वटारत आले, तीच मी म्हणाले, "असेल कुठेतरी. बघते."

त्यानंतर दर रविवारी त्यांचा फोन यायचा. "मिला क्या?" म्हणायच्या नाहीत कधी. "तब्येत कशी आहे?" विचारायच्या आणि थांबायच्या. मी म्हणायची, शोधतेय. एका रविवारी म्हणाल्या, आता पेपरचं मोठं अक्षरच दिसतं. पुढच्या रविवारी म्हणाल्या, भिंग बदललंय. मी शोधतेय म्हणत राहिले. रात्रंदिवस मी आठवायचा प्रयत्न करत होते. मी होते ना तिथे! वीस वेळा ऐकलंय. भांडी घासताना, बसमध्ये, देवापुढे, मी स्वतःला त्या चटईच्या कडेला नेऊन बसवायची. मला वाळलेला जवळा आठवायचा. भिंतीचा गारवा पाठीला लागायचा. मुन्शीजींच्या डाव्या हाताच्या नखातली शाई दिसायची, आईच्या बोटांत अर्धी सोललेली कोळंबी दिसायची, लांबून फावड्याने मीठ ओढल्याचा आवाज यायचा. सगळं यायचं. आवाजसुद्धा यायचा, त्याचा चढ, उतार, कुठे श्वास घेतला ते. शब्द एक नाही. मला स्वतःचा इतका संताप कधी आला नव्हता. सगळा कचरा जपून ठेवला मी, आणि जपायचं ते गेलं.

घणसोलीहून केलेल्या त्या मंगळवारच्या फोनवर शमीमबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाई, रविवारी येते. फोनवर बरोबर नाही."

त्या आल्या. या वेळी रिक्षावाल्याने त्यांना दारापर्यंत आणून सोडलं. बसल्या. मी चहा ठेवायला उठले तर म्हणाल्या, "बसा. खरं काय आहे?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. देव्हाऱ्याजवळची फळी, झेंडू, आईचं म्हणणं, शेखसरांचा फोन, नवी साडी, होडी. काहीच गाळलं नाही.  त्यांचा चेहरा माझ्याकडे होता, पण डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे.

"ठंडा केला," त्या म्हणाल्या.

"हो."

"पिक्चरचे संवाद?"

"आम्हाला वाटलं, देवाचं आहे."

त्यांच्या नाकातून एकदा हवा बाहेर पडली. हसल्या की काय, मला कळलं नाही. "अब्बा तौबा करते," त्या म्हणाल्या. "नमाजी आदमी. आपल्या लिखाणाला झूठ म्हणायचे. त्याची तुम्ही चाळीस साल पूजा केली."

मी माफी मागितली. ती त्यांनी घेतली नाही आणि टाकलीही नाही.

"तुम्ही तिथे होता ना? लहान होता, पण होता," त्या म्हणाल्या. "काय लिहिलं होतं त्यांनी?"

खोटं सांगता आलं असतं. गेल्या तीन महिन्यांत माझी त्यात चांगली तयारी झाली होती. बाप मुलीला काय सांगेल त्याची चार वाक्यं जुळवणं काही अवघड नव्हतं. त्यांनाही ती पुरली असती कदाचित. मी तोंड उघडलं आणि नाही जमलं.

"नाही आठवत," मी म्हटलं. "मोठं होतं. बसून बोलले, आवाज न चढवता. माझ्या आईचे हात थांबले. माझ्या बाबांचं पेन थांबलं. एवढंच."

"त्यांचं पण?"

"हो. कधी थांबायचं नाही. त्या दिवशी थांबलं."

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं टुंटुं वाजत होतं. ते बंद झालं. मग त्यांनी विचारलं, "बाड केवढं होतं?"

मला आधी समजलंच नाही. "म्हणजे?"

"जाड किती?"

मी अंगठा आणि तर्जनी ताणून दाखवली. एवढं. आणि मग लक्षात आलं, की त्यांना ते दिसत नव्हतं. त्याच वेळी त्यांनी हात पुढे केला. माझ्या मनगटाला लागला, मग पंजाला, मग बोटांपर्यंत आला. त्यांनी माझ्या अंगठ्याचं टोक चाचपलं, तर्जनीचं टोक चाचपलं, मधल्या मोकळ्या जागेत आपली बोटं घालून बघितली. चार बसली.

"दोन्ही बाजूंनी लिहिलेलं?"

"दोन्ही बाजूंनी."

त्यांनी आपला अंगठा माझ्या अंगठ्याला लावला, तर्जनी माझ्या तर्जनीला. माप नीट घेतलं आणि हात काढून घेतला. त्या उठल्या. मी आधाराला हात दिला तो त्यांनी घेतला नाही. जिन्यापर्यंत मी मागे मागे गेले. एक हात कठड्यावर ठेवून त्या एकेक पायरी उतरत होत्या. दुसरा हात छातीशी धरलेला, अंगठा आणि तर्जनी ताणलेली. दुसऱ्या मजल्यावर कुणाची तरी पोरं धावत वर आली आणि त्यांना घासून गेली. त्या भिंतीला टेकल्या, पोरं जाऊ दिली. मी गॅलरीत आले. रिक्षावाल्याने त्यांना आत बसवायला हात पुढे केला, तेव्हा कठडा धरला होता तो हात त्यांनी त्याला दिला. दुसऱ्या हाताची बोटं त्यांनी मिटली नाहीत.